विवेकी माणसाची आई

आमच्या घरात चार जण राहतात. सासूबाई, आमचे हे, मी आणि विवेकी माणूस. पहिले तिघे खातात, पितात, कुरकुरतात. चौथा यातलं काहीच करत नाही. त्याला भूक लागत नाही, त्याचं डोकं दुखत नाही, दुकानात तो कधी फसत नाही आणि घेतलेल्या वस्तूचा त्याला कधी पश्चात्ताप होत नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझी त्याच्याशी गाठ पडली. पाहुणे येऊन गेले होते, चहा उरला होता, म्हणून मी यांच्यापुढे तिसरा कप ठेवला. तर हे म्हणाले, "विवेकी माणूस तिसरा कप घेत नाही. पहिल्या कपाइतकं समाधान दुसरा देत नाही, आणि दुसऱ्याइतकं तिसरा."

मी नवी नवरी. हळूच विचारलं, "कोण हो हा? तुमचा मित्र का?"

"मित्र नाही," हे म्हणाले, "गृहीतक."

तो तिसरा कप मी स्वतः प्याले आणि मला तो पहिल्यापेक्षा छान लागला. तेव्हापासून माझं आणि त्या गृहीतकाचं वाकडं आहे.

हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. फळ्यावर दोन रेघा काढायच्या, एक चढती, एक उतरती, त्या जिथे एकमेकींना छेदतील तिथे खडूने जाडजूड ठिपका द्यायचा आणि वर्गाकडे वळून म्हणायचं, "आणि इथे समतोल साधतो." पोरांनी त्यांचं नावच समतोल सर पाडलं. चालताना मात्र समतोल सर एका खांद्यावर कलतात, कारण आयुष्यभर जड पिशवी एकाच खांद्याला लावली. मी किती वेळा सांगितलं, खांदा बदला. पण घरच्या माणसाचा सल्ला फुकट मिळतो, म्हणून त्याला भाव नाही.

गैरसमज नको. हे चिकट नाहीत. उलट यांची खोड अशी, की फुकटचं काही घेतलं की यांना रात्रभर झोप येत नाही. दुकानदाराने वजनात चुकून जास्त टाकलं, तर हे अर्ध्या रस्त्यातून परत जातात. ओळखीच्या कुणी गाडीतून घरी सोडलं, तर उतरताना सीटवर पेट्रोलचे पैसे ठेवतात. त्यामुळे आता यांना गाडीत कुणी घेत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला हे मला पाकिटात घालून पैसे देतात. "वस्तू आणली तर ती तुला नकोशी असण्याचा धोका. रोख रकमेतून तुझं समाधान कमाल होतं." एका वर्षी त्या पैशांतून मी यांनाच एक भडक लाल शर्ट आणला आणि दिवसभर घालायला लावला. म्हटलं, बघा, झालं माझं समाधान कमाल.

दुसरी एक खोड म्हणजे मोजमापाची. एकदा जेवताना म्हणाले, "गंमत बघ. तू इतका चांगला स्वयंपाक करतेस, पण राष्ट्रीय उत्पन्नात तो धरत नाहीत."

"असं?" मी म्हटलं. "मग उद्यापासून तुमच्या ताटातही धरायला नको."

दुसऱ्या दिवशी हे स्वतः भात लावायला गेले. तो प्रसंग राष्ट्रीय नुकसानीत धरावा असा होता. सासूबाई हसता हसता पलंगावर आडव्या झाल्या.

सासूबाईंची नजर गेली आहे. उजेड आणि सावली एवढंच कळतं, समोरच्याचं तोंड दिसत नाही. कान मात्र असे, की जिन्यात कुणाच्या चपला वाजताहेत ते त्या आतून सांगतात, आणि तो माणूस कशाने रागावलाय तेही. यांना त्यांनी एकटीने वाढवलं. लोकांच्या घरची धुणी-भांडी केली, एका शाळेत घंटा वाजवली, हे शिकले. त्या कष्टाबद्दल त्या कधी बोलत नाहीत. बोलल्या तर एकच म्हणतात, "सकाळ जाते, संध्याकाळ जाते. दुपार मेली सरत नाही."

मी वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि घरी आल्यावर माझी पाळी असते. हे कॉलेजात, मी खिडकीवर, म्हणजे दुपारी सासूबाई घरात एकट्या. पण त्या एकट्या नसायच्या, कारण समोरची यायची.

समोरची म्हणजे आमच्या दारासमोर जिचं दार आहे ती. बाहेरच्या खोलीत मशीन ठेवून शिवणकाम करते, आतल्या खोलीत राहते. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. मशीनचं काम आटोपलं की हाताने करायचं काम ती बखोटीला मारून आमच्याकडे आणायची. दार आम्ही लोटून ठेवायचो, दोन्ही हात भरलेले म्हणून ते ती कोपराने ढकलायची. सासूबाईंच्या पलंगावर पाय वर घेऊन बसायची, बोटात अंगुस्तान चढवायची, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ती टोपी, आणि हात चालू, तोंड चालू.

सासूबाईंनाही काम असायचं. मशीन मारताना कापड सरकू नये म्हणून आधी हाताने लांब लांब टाके घालतात, तो कच्चा टाका. पक्की शिलाई झाली की कच्चा ओढून काढायचा. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. सासूबाई मांडीवर कापड घेऊन चाचपत चाचपत कच्चे दोरे काढत, त्यांचा उशापाशी गोळा करत, आणि मध्ये मध्ये विचारत, "मग? पुढे?"

पुढे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. तिथे एक गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांच्याकडे एक दंतवैद्य गाणं शिकायला येतो. त्याला सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण येतो मात्र नेमाने, आणि येताना भांग पाडून येतो. सासूबाईंचा जीव त्या दंतवैद्यात अडकला होता. तो विचारणार कधी आणि बाई हो म्हणणार का, यावर दोघींची रोज बैठक व्हायची. मधेच समोरचीला डुलकी लागली, तर सासूबाई चाचपून तिच्या हातातली सुई काढून घ्यायच्या आणि उशीत खोचून ठेवायच्या. कोण कोणाला सांभाळत होतं, असं विचारलं असतं तर दोघींनी वेड्यात काढलं असतं.

मग हे निवृत्त झाले. निवृत्त माणूस दुपारी घरी असतो आणि घरातल्या गोष्टी त्याला पहिल्यांदा दिसतात. यांना समोरची दिसली. पहिले काही दिवस पेपराआडून बघत होते. मग एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा असा, की मला वाटलं पेन्शन अडकली.

"ती बाई इतकी वर्षं आईपाशी बसते," हे म्हणाले, "आणि आपण तिला काही देत नाही?"

"चहा देतो की."

"चहा म्हणजे मोबदला नव्हे. तिच्या वेळेला किंमत आहे. ती न देता तो वापरायचा, याला शोषण म्हणतात. आणि करार नाही, काही नाही. उद्या ती यायची थांबली तर?"

"तर परवा येईल."

"विवेकी माणूस फुकट किती दिवस येईल?" असं म्हणताना यांनी आईच्या पलंगाकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, की हे शास्त्र बोलत नव्हतं, मुलगा बोलत होता. आईची दुपार एका फुकटच्या दोऱ्याला टांगली आहे, या विचाराने हे धास्तावले होते. मी एवढंच म्हटलं, "त्या वाटेला जाऊ नका." पण यांनी कधी माझं ऐकून खांदा बदललाय?

महिन्याच्या पहिल्या तारखेला यांनी समोरचीच्या हातात पाकीट ठेवलं. छोटंसं भाषणही केलं, श्रमप्रतिष्ठा वगैरे. समोरचीने पाकिटाकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. तिच्या मशीनची मोटर त्याच आठवड्यात जळली होती आणि घरमालक भाड्यासाठी तोंड टाकत होता. ती म्हणाली, "बरं, सर."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घराची घंटा वाजली. हे दार उघडायला गेले तर समोरची. केस चापूनचोपून, हात रिकामे. आत येऊन ती खुर्ची ओढून तिच्यावर सरळ बसली.

"शिवण नाही आणलं?" यांनी विचारलं.

"पैसे घ्यायचे आणि वर आपलंच काम करत बसायचं, हे बरं दिसतं का सर?"

यांना ते इतकं आवडलं की संध्याकाळी मला दोनदा सांगितलं. बघ, शिस्त आली. बघ, जबाबदारी आली. समोरची वेळेवर यायची, वेळेवर उठायची. "आजी, गोळी घेतली का? आजी, पाणी देऊ का? आजी, पाठीला उशी लावू का?" रविवारी सुट्टी. एकदा मुलीकडे जायचं होतं, तर तिने रजा मागितली. आमच्याकडे! ज्या बाईने कित्येक वर्षं आमच्या माठातलं पाणी न विचारता घेतलं होतं, ती आता स्वतःची बाटली घेऊन यायची.

आठवडाभरात सासूबाईंनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "ही बाई कुठून लावलीत गं?"

"आई, अहो ती समोरचीच आहे."

"आवाज तिचा आहे," सासूबाई म्हणाल्या. "बहीणबिहीण असेल तिची. बोलते तशीच, पण बसते दुसरीकडे. बाई चांगली आहे, मी नाव नाही ठेवत. पण जुनी कधी येणार?"

मला वाटलं थट्टा करताहेत. तोंडाकडे पाहिलं. थट्टा करत नव्हत्या.

मी ते यांना सांगितलं. ऐकता ऐकता यांचे डोळे चमकले. यांचे डोळे चमकले की मला धडकी भरते. "चूक लक्षात आली," म्हणाले. "आपण फक्त वेळेचे पैसे देतोय. गप्पांचे देत नाही. मग ती गप्पा कशाला मारेल? गप्पांसाठी वेगळं प्रोत्साहन पाहिजे."

"गप्पांचा भत्ता?"

"तसं म्हण हवं तर."

मी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, अहो, आमच्या कार्यालयात गेल्या वर्षी बक्षीस लावलं. दिवसाला जो जास्त तक्रारी निकाली काढेल त्याला. झालं, सगळ्या खिडक्यांना पंख फुटले. माझ्या शेजारच्या खिडकीवरच्या बाईने एका माणसाची अंधाराची तक्रार 'मेणबत्ती लावा' असं सांगून निकाली काढली आणि बक्षीस घेतलं. कागदावर गावभर दिवे लागले होते आणि लोक काळोखात चाचपडत होते. वरचे साहेब मात्र खूश. यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ते प्रोत्साहनाची रचना चुकल्यामुळे."

भत्ता सुरू झाला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम अर्धी रजा टाकून घरी थांबले. समोरची खुर्चीवर बसली, घसा साफ केला.

"आजी, आज तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्य आला होता."

सासूबाईंनी मान वर केली. "मग?"

"मग गेला."

"अगं, पण काही बोलला का? भांग होता का?"

"होता." समोरचीने विचार केला. "दुसऱ्या मजल्यावर नळ गळतोय. तळमजल्यावर नवीन कुत्रं आणलंय. पांढरं." आणि घड्याळाकडे पाहिलं.

माझ्यासमोर हे पेपर धरून बसले होते. पेपर उलटा होता.

दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. रागाने नाही, रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्याच वळल्या. ताट समोर ठेवलं की दोन घास खाऊन बाजूला सारायच्या. जिन्यात पावलं वाजली तरी कोण आलं ते सांगेनात. बोटं मात्र चादरीच्या काठावर चालत असायची, तिथे नसलेला कच्चा दोरा शोधत. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं की पाठोपाठ माझं तोंड सुटतं.

"आता विचारा तुमच्या विवेकी माणसाला," मी यांना म्हटलं. "विचारा, त्याच्या आईने जेवण टाकलं तर तो काय करतो."

यांनी पेपराची घडी घातली.

"नाही सांगता येणार त्याला. कारण त्याला आईच नाही. इतकी वर्षं शिकवलंत, पण त्याला कुणी जन्म दिला, कुणी भरवलं, ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं, हे तुमच्या एका तरी पुस्तकात आहे का? तो आपला मोठा होऊन, पाकीट घेऊन, थेट बाजारातच उभा!"

माझ्या आयुष्यात मी यांच्यावर पुष्कळ ओरडले आहे, पण हे असे खाली मान घालून कधी बसले नव्हते. मला वाईट वाटलं, पण ओरडणं मागे घेतलं नाही.

मी उठले आणि समोर गेले. समोरची अंधाऱ्या खोलीत बंद मशीनपाशी बसली होती. मला बघून म्हणाली, "वहिनी, मला कळतंय सगळं. पण करू काय? पाकीट घेतल्यावर आजींच्या पलंगावर पाय वर घेऊन कशी बसू? सरांसमोर लोकांची उणीदुणी कशी काढू? जीभच उचलत नाही. आणि पाकीट परत करावं, तर मोटरचे पैसे कुठून आणू?"

"परत नको करूस," मी म्हटलं. "तू काही चुकली नाहीस."

घरी येऊन यांना जसंच्या तसं सांगितलं. यांनी डोकं धरलं. "पाकीट बंद केलं तर?"

"तर तुम्ही तिला कामावरून काढलं असं होईल."

"वाढवलं तर..." माझं तोंड बघून वाक्य गिळलं. "म्हणजे या बाजारात समतोल नाहीच."

"बाजार भरलाच नव्हता. तुम्ही जाऊन दुकान मांडलंत."

यानंतर यांनी जे केलं ते मात्र खरंच कौतुकाचं. दुसऱ्या दिवशी हे समोर गेले आणि तिला विचारलं, पँट आखूड करायचे तू काय घेतेस? तिने सांगितलं. यांचा जीव वर-खाली झाला. तिची आई शिवायची त्या काळातला भाव होता तो, त्यात दोऱ्याचं रीळही आलं नसतं. भाव वाढवला तर गिऱ्हाईक पळेल, या भीतीने तिने तो तसाच ठेवला होता. यांनी तिला खडूने मशीनच्या लाकडी फळीवर दोन रेघा काढून दाखवल्या, ठिपका दिला, आणि भाव वाढवायला लावला. एकही गिऱ्हाईक पळालं नाही. उलट एक जण म्हणाला, आधी स्वस्त होतं म्हणून बायको इथे द्यायला घाबरायची. मोटर दुरुस्त झाली, घरमालकाचं तोंड बंद झालं. न्यायाने सांगायचं तर पँटच्या बाबतीत यांचं शास्त्र अगदी बरोबर निघालं.

महिना संपला तेव्हा समोरची दारात उभी राहून म्हणाली, "सर, आता पाकीट नको. काम वाढलंय." हे म्हणाले, "बरं बरं." मला वाटलं, सुटलो. उद्यापासून कोपराने दार उघडेल.

नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाकीट संपलं आणि त्याबरोबर येणंही संपलं. मी जिन्यात गाठलं तर तिने नजर चुकवली. आधी ती यायची कारण यायची. आता बिनपैशाने आली, तर उपकार करतेय असं दिसेल. आणि पैशासाठी यायचं तर ती नोकरी तिने स्वतःच सोडलेली. समोरासमोरची दोन दारं, मध्ये चार पावलांची जागा, आणि ती ओलांडायला कुणालाच कारण सापडेना. आमच्याकडे दार लोटून ठेवलेलं असायचं आणि ते वाऱ्याने हललं तरी सासूबाईंची बोटं थांबायची. मग पुन्हा चालायला लागायची. दुपारभर हे आईपाशी बसून तिला पेपर वाचून दाखवायचे. शेअरबाजाराचं पान.

एका सुट्टीच्या दुपारी मी स्वयंपाकघरातून बघत होते. यांनी पेपर खाली ठेवला, बराच वेळ आईच्या बोटांकडे बघत राहिले आणि मग मला हाक मारली.

"मी आईला तिच्याकडे घेऊन जातो."

"जा की."

"काय कारण सांगू?"

"काही सांगू नका."

"कारण नसताना कसं जायचं?" आणि यांनी हे इतक्या खरेपणाने विचारलं की मला हसू आलं. इतकं शिकलेला माणूस, पण कारण नसताना कुणाच्या घरी कसं जायचं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

आम्ही दोघांनी सासूबाईंना उठवलं. त्यांनी उंबरा ओलांडून किती तरी दिवस झाले होते. "कुठे नेताय रे?" त्यांनी विचारलं. "बसायला," हे म्हणाले. समोरचं दार लोटलेलं होतं. यांचे दोन्ही हात आईला धरण्यात गुंतलेले, म्हणून यांनी ते कोपराने ढकललं.

समोरची मशीनवर होती. पाय थांबला, मशीन थांबलं. मग ती धांदलीने उठली, पलंगावरचे कापडाचे तुकडे गोळा केले आणि सासूबाईंना बसायला जागा केली. हे तसेच मधोमध उभे. भाषण करावं की पाकीट काढावं, दोन्हीची बंदी, त्यामुळे यांना हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी शेजारी पडलेला कुणाचा तरी कोट उचलला, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी कच्चे टाके काढतो."

आणि दोरा ओढला. तो इतका सहज आला की यांना हुरूप चढला. आणखी ओढला. चर्र करून आवाज झाला आणि कोटाची अख्खी बाही यांच्या हातात आली.

"काय फाडलंस?" सासूबाईंनी विचारलं. कित्येक दिवसांत त्यांनी पहिल्यांदा आपणहून काही विचारलं होतं.

"बाही," हे म्हणाले. यांचा चेहरा पांढराफटक. "पक्का टाका होता वाटतं." आणि सवयीने यांचा हात खिशाकडे गेला.

"खिशातला हात बाहेर काढा, सर," समोरची म्हणाली.

"अगं, पण नुकसान झालंय. भरपाई द्यायला..."

"नाही घ्यायची मला भरपाई. बसा तिथे. रोज येऊन बसा आणि पक्का कुठला, कच्चा कुठला, ते आजींकडून शिकून घ्या. तोवर राहू दे तुमच्याकडे बाकी."

हे बसले. आयुष्यात पहिल्यांदा यांनी कुणाचं तरी देणं डोक्यावर राहू दिलं. सासूबाईंना आधी खुदकन हसू आलं, मग ते आवरेना, मग समोरचीलाही, आणि मी तर दाराला धरूनच उभी होते. समोरचीने डोळे पुसले, फाटलेली बाही यांच्या हातातून काढून घेतली, बोटात अंगुस्तान चढवलं आणि पलंगाच्या कडेला टेकून सुईत दोरा ओवू लागली.

सासूबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी हात पुढे करून चाचपत तिचा हात शोधला, आणि बोटावरची ती गार टोपी त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी ती दोनदा चाचपली.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "कुठे होतीस गं इतके दिवस?"

समोरचीने माझ्याकडे पाहिलं. मग यांच्याकडे. "नोकरीला लागले होते, आजी."

"अगंबाई. सांगून तरी जायचंस. पगार बरा होता?"

"बरा होता. वर भत्ताही होता."

"मग सोडलीस कशाला?"

"तिथे तुम्ही नव्हतात, आजी."

सासूबाईंनी तिचा हात सोडला नाही. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता नीट पाय वर घेऊन बस, आणि त्या दंतवैद्याचं पुढे काय झालं ते सांग."